घास भरवणाऱ्यांचा शब्द: अरुणा शानबाग प्रकरणाचा अभ्यास

२०११ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने नेमलेले तीन डॉक्टर परळच्या केईएम रुग्णालयात, चार नंबरच्या वॉर्डाला लागून असलेल्या एका खोलीत गेले. टाटा मेमोरियलचे अतिदक्षतातज्ज्ञ डॉ. जे. व्ही. दिवेतिया, हिंदुजा रुग्णालयाचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. रूप गुरसहानी आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. निलेश शहा. खाटेवर अरुणा शानबाग होती, वय ६२. केईएममध्ये तिला सगळे नुसतं अरुणा म्हणत, म्हणून मीही तसंच लिहिते. या रुग्णालयाच्या खाटेवर तिची ३७ वर्षं गेली होती. तिची अवस्था नेमकी काय आहे, आणि तिला ज्याच्या आधारावर जगवलं जातंय ते थांबवावं का, याबद्दल डॉक्टरांना मत द्यायचं होतं.

खोलीत बंद करण्यासारखं यंत्र नव्हतं. व्हेंटिलेटर नव्हता. अरुणा स्वतःच्या श्वासावर जगत होती. तिला जिवंत ठेवणाऱ्या गोष्टी दोनच होत्या: पोटात जाणारं अन्न, आणि ते देणारे परिचारिकांचे हात. भारतात जीवनाधार काढण्याचा कायदा ज्या प्रकरणातून उभा राहिला, त्या प्रकरणातला जीवनाधार म्हणजे अनेक वर्षं भरवलेला घास होता. रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलताना मी पुन्हा पुन्हा या प्रकरणाकडे येते ते याच कारणाने. यंत्राचं बटण समोर असलं की आपण बटणाबद्दल बोलत राहतो आणि माणसाबद्दल बोलायचं राहून जातं.

काय घडलं होतं

अरुणा मूळची कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची. परिचारिका म्हणून केईएममध्ये नोकरीला होती, लग्न ठरलं होतं. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी, वयाच्या पंचविशीत, तिच्यावर रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला आणि लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. तोवर मेंदूचा रक्तपुरवठा आणि प्राणवायू इतका वेळ तुटला होता की झालेली हानी भरून येण्यासारखी नव्हती. हल्लेखोराला शिक्षा झाली ती हल्ला आणि लुटीसाठी, सात-सात वर्षांची, दोन्ही एकत्र भोगायची. लैंगिक अत्याचाराचा खटला चाललाच नाही. या अन्यायावर स्वतंत्र लिहायला हवं. इथे मी फक्त खाटेवरच्या बेचाळीस वर्षांबद्दल लिहिते आहे.

त्या वर्षांत तिला पाहायला येणारं आप्त जवळजवळ कोणी उरलं नाही. आईवडील गेले. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण एक तुकडी निवृत्त होताना पुढच्या तुकडीच्या हाती अरुणाला सोपवत गेली. १९८० च्या दशकात तिला केईएमबाहेर हलवण्याचा महापालिकेने प्रयत्न केला तेव्हा परिचारिकांनी काम बंद केलं, आणि तो बेत मागे पडला. तिच्या पाठीला कधी जखम होऊ दिली नाही, ही गोष्ट रुग्णालयाने न्यायालयापुढे मांडली. अंथरुणाला खिळलेला माणूस ज्यांनी घरी सांभाळला आहे त्यांना या एका वाक्याचं वजन कळेल. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, चादर ओली राहू द्यायची नाही, टाचा आणि माकडहाड रोज तपासायचं. एक आठवडा हयगय झाली की कातडी उघडते. इथे तीन तपांहून अधिक काळ ती उघडली नाही.

तिची अवस्था: शब्द नीट वापरण्याची गरज

अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाईक म्हणतात, "पेशंट कोमात आहे." या एका वाक्यात वेगवेगळ्या अवस्था एकमेकींत मिसळून जातात, आणि पुढचे सगळे गैरसमज तिथूनच सुरू होतात. तिन्ही डॉक्टरांनी अहवालात या अवस्था वेगळ्या करून दाखवल्या.

मेंदूमृत्यू म्हणजे मृत्यूच. मेंदूचा देठ कायमचा थांबलेला असतो, श्वास फक्त यंत्राचा असतो, छाती हलते म्हणून माणूस झोपल्यासारखा दिसतो इतकंच. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली डॉक्टरांचं मंडळ, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून, तो प्रमाणित करतं. अरुणा मेंदूमृत नव्हती. ती कोमातही नव्हती. कोमातला माणूस डोळे उघडत नाही. तिला झोप आणि जाग यांचं चक्र होतं, डोळे उघडे असत, ती आवाज काढत असे. खोलीत फार माणसं झाली की तिचा आवाज वाढे, कोणी हळुवार स्पर्श केला की ती शांत होई. आवडीचं काही तोंडात गेलं की चेहरा बदलतो, असं कर्मचारी सांगत. मासे आणि कोंबडीचं सूप तिला आवडतं अशी त्यांची खात्री होती.

डॉक्टरांनी तिची अवस्था कायमस्वरूपी वनस्पतिवत अवस्थेच्या बहुतेक निकषांत बसते असं सांगितलं. म्हणजे जाग आहे, पण स्वतःची आणि भोवतालची जाणीव असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. 'वनस्पतिवत' हा शब्द मला आवडत नाही. जिच्या आवडीनिवडी चार माणसं ठामपणे सांगतात तिला वनस्पती म्हणवत नाही. पण त्यामागचं निदान समजून घ्यावं लागतं. हसू, हुंदका, डोळ्यांची हालचाल या गोष्टी मेंदूच्या खालच्या भागातूनही घडू शकतात, आणि वरचा भाग उद्ध्वस्त झालेला असू शकतो. आई म्हणते, "तो मला ओळखतो." डॉक्टर म्हणतात, "ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे." दोघंही प्रामाणिक असतात. अशा वेळी डॉक्टरने आईला खोटं पाडू नये आणि खोटी आशाही दाखवू नये. हे बोलणं कॉरिडॉरमध्ये उभ्याने होत नाही, त्याला खुर्ची लागते आणि अर्धा तास लागतो.

चमच्यापासून नळीपर्यंत

सप्टेंबर २०१० पर्यंत अरुणाला तोंडाने, कुस्करलेलं अन्न भरवलं जात होतं. त्या सप्टेंबरात तिला मलेरिया झाला, तोंडाने खाणं कमी झालं आणि नाकातून राइल्स ट्यूब घालावी लागली. अन्न तेच, हात तेच, फक्त मध्ये नळी आली. कायद्याच्या आणि नीतीच्या दृष्टीने मात्र इथे एक उंबरठा ओलांडला गेला.

इंग्लंडमध्ये या उंबरठ्यावर आधी वाद झाला होता. १५ एप्रिल १९८९ ला हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानावरच्या चेंगराचेंगरीत टोनी ब्लँड नावाच्या तरुणाच्या फुप्फुसांना इजा होऊन मेंदूचा प्राणवायू तुटला. त्याची अवस्था अरुणासारखीच झाली. डॉक्टर आणि आईवडील दोघांनाही नळी काढायची होती. १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, नळीने दिलेलं अन्न हे वैद्यकीय उपचारात मोडतं असं मानून ती काढायला परवानगी दिली. केईएमच्या परिचारिकांना हे पटणं कठीण होतं. त्यांच्यासाठी अन्न हा उपचार नव्हता, शुश्रूषा होती. आपल्या घरांतही हीच गाठ बसते. व्हेंटिलेटर काढण्याला होकार देणारा मुलगा राइल्स ट्यूब काढायची म्हटली की हादरतो, "म्हणजे उपाशी मारायचं?" आपल्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालणं हे शेवटचं कर्तव्य आहे, तिथे अन्न थांबवण्याचा विचार आतून ओरखडा काढतो. मी त्या मुलाला हे सांगते: देह मिटत आला की भूक आणि पचन आधी मिटतात, तेव्हा नळीने ढकललेलं अन्न फुप्फुसात जाऊन त्रास वाढवू शकतं, आणि ओठ ओले ठेवणं, थेंबभर पाणी देणं कधीच कोणी थांबवत नाही. अरुणाची गोष्ट मात्र याहून वेगळी होती. तिचा देह मिटत आला नव्हता. तो अन्न पचवत होता.

प्रेम दोन बाजूंना होतं

२००९ मध्ये पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणाच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मागणी अशी की तिला अन्न देणं थांबवावं आणि तिला शांतपणे जाऊ द्यावं. विराणी यांनी तिच्यावर लिहिलं होतं, ही वेदना लोकांपर्यंत नेली होती. समोर केईएम रुग्णालय उभं राहिलं. अधिष्ठाता डॉ. संजय ओक यांनी कर्मचाऱ्यांच्या वतीने सांगितलं की आम्हाला तिची सेवा करायची आहे, ती आमच्या घरचीच आहे. तिला पूर्वी सांभाळणाऱ्या एका निवृत्त परिचारिकेने तर पगार आणि प्रवासखर्च न घेता सेवा करण्याची तयारी दाखवली.

या वादात खलनायक नाही, म्हणूनच तो अवघड आहे. दोन्ही बाजूंना अरुणाचं भलं हवं होतं. आणि अरुणाचा स्वतःचा शब्द कुणाहीजवळ नव्हता. पंचविशीतली मुलगी, लग्नाच्या तयारीतली. अशा प्रसंगाबद्दल तिने कधी कुणाशी बोललेलं असायचं कारणच नव्हतं. तिला काय हवं असतं, याचा सगळ्यांनी फक्त अंदाज केला.

न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांच्या पीठाने ७ मार्च २०११ ला निकाल दिला. अरुणाचं अन्न थांबवायला नकार दिला. विराणी यांच्या सामाजिक तळमळीचं कौतुक केलं, पण अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. नात्याने जवळचं कोणी नसेल तर जो रात्रंदिवस सांभाळतो तोच जवळचा, असा त्याचा अर्थ. मला निकालातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे सही करायला रक्ताचं नातं लागतं आणि सांभाळायला मात्र अनेकदा बिनरक्ताचं माणूस असतं: शेजारीण, मोठ्या वहिनी, वीस वर्षं घरात काम करणाऱ्या मावशी. परदेशातून चार दिवसांसाठी आलेला मुलगा सही करतो, आणि ज्या मावशींनी रोज अंग पुसलं त्यांना दाराबाहेर उभं राहावं लागतं. तेव्हा मला केईएमच्या परिचारिका आठवतात.

त्याच निकालाने दुसरं दारही उघडलं. औषध देऊन जीव घेणं बेकायदाच राहील, पण योग्य परिस्थितीत जीवनाधार काढून घेता येईल, असं न्यायालयाने मान्य केलं. त्यासाठी आईवडील, जोडीदार, जवळचे नातेवाईक किंवा तसं कोणी नसेल तर हितचिंतक यांनी निर्णय घ्यायचा, आणि प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाची परवानगी घ्यायची. निदान दोन न्यायाधीशांचं पीठ आणि तीन डॉक्टरांची समिती. इतकी कडक अट का? इस्टेटीसाठी नातेवाईक घाई करतील, ही भीती न्यायालयाने उघड बोलून दाखवली. केईएमच्या कर्मचाऱ्यांचं मन पुढे बदललं तर त्यांनीही मुंबई उच्च न्यायालयात यावं, अशी वाट मोकळी ठेवली. ते कधी गेले नाहीत. निकालाच्या दिवशी परिचारिकांनी मिठाई वाटली.

आज असा रुग्ण आला तर

दर रुग्णामागे उच्च न्यायालय गाठणं कुठल्याच कुटुंबाला झेपणारं नव्हतं. वॉर्डांत त्यातून पळवाट निघत आली आहे. आशा संपली की नातेवाईक 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध' अशी सही करून रुग्णाला घरी नेतात. कागदावर सल्ल्याविरुद्ध, प्रत्यक्षात सगळ्यांच्या संमतीने. पण घरी ना वेदनाशामक, ना धाप कमी करणारं औषध, ना कोणी जाणतं माणूस. अशा मरणाला सन्मानाचं मरण म्हणता येत नाही, आणि त्या सहीचं ओझं मुलं वर्षानुवर्षं वाहतात.

९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. सन्मानाने मरण येऊ देणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाचाच आधीचा एक निकाल वाचताना झालेली चूक दाखवली, आणि माणसाला आधीच लिहून ठेवता येईल असं इच्छापत्र, ज्याला सगळे लिव्हिंग विल म्हणतात, वैध ठरवलं. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही, जिल्हाधिकाऱ्याने नेमायचं मंडळ, अशा अटी होत्या. त्या पाळणं जवळजवळ अशक्य होतं. २४ जानेवारी २०२३ ला पाच न्यायाधीशांनीच ते सोपं केलं.

आता सज्ञान आणि शुद्धीत असलेली कोणतीही व्यक्ती स्वेच्छेने, दोन साक्षीदारांसमोर, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाने हे इच्छापत्र करू शकते. आपल्या वतीने कोण बोलणार, त्या एकाहून अधिक जवळच्या माणसांची नावं त्यात घालता येतात. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरकडे, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. मन बदललं तर ते कधीही लेखी रद्द करता येतं. मुंबईत महापालिकेने असे अधिकारी नेमावेत म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावं लागलं, त्यानंतर ते नेमले गेले.

प्रसंग आला की रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ बसतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांचं मत दुसरं मंडळ पडताळतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. नातेवाइकांची संमती लेखी, आणि उपचार काढण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. परवानगी मागायची नसते, कळवायचं असतं. लिव्हिंग विल नसेल तरी हाच मार्ग, फक्त तेव्हा रुग्णाचा शब्द कुटुंबाला आठवून सांगावा लागतो. मंडळ नाही म्हणालं, तरच उच्च न्यायालय. यापेक्षा साधी गोष्ट, म्हणजे हृदय थांबलं तर छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा की नाही, यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. हा प्रश्न डॉक्टरला आधीच विचारता येतो, आणि विचारावा.

मे २०१५

निकालानंतर अरुणा आणखी चार वर्षं त्याच खोलीत राहिली. मे २०१५ मध्ये तिला न्यूमोनिया झाला. वर्षानुवर्षं आडव्या असलेल्या, गिळणं क्षीण झालेल्या देहाला हा आजार गाठतोच. तिला अतिदक्षता विभागात हलवलं आणि व्हेंटिलेटर लावला. ज्या बाईच्या खोलीत २०११ मध्ये बंद करण्यासारखं यंत्र नव्हतं, तिच्या शेवटच्या दिवसांत ते आलं.

मी यात केईएमला दोष देत नाही. व्हेंटिलेटर श्वास ढकलतो, आजार बरा करत नाही. तो वेळ मिळवून देतो, आणि न्यूमोनियात त्या वेळात औषधं काम करू शकतात. प्रयत्न करून पाहणं रास्त होतं. पण व्हेंटिलेटर लावतानाच विचारायचा प्रश्न असतो, तो मी प्रत्येक कुटुंबाला विचारायला सांगते: "किती दिवस पाहायचं, आणि कशावरून कळेल की उपयोग होत नाही?" तीन दिवस, पाच दिवस, जे असेल ते आधी ठरवायचं. रक्तदाबाची औषधं वाढतायत का, मूत्रपिंडं थांबतायत का, हे रोज विचारायचं. लावलेलं यंत्र काढणं म्हणजे मारणं, असं अनेकांना वाटतं, म्हणून ते लावायलाच घाबरतात किंवा लावल्यावर काढायला घाबरतात. वैद्यकीय नीती आणि आता आपला कायदाही, न लावणं आणि काढणं यांत फरक करत नाही. मृत्यू आजाराने येतो. यंत्र काढल्यावर धाप आणि वेदना यांसाठी औषधं चालूच राहतात, माणसाला तसंच सोडत नाहीत.

१८ मे २०१५ च्या सकाळी अरुणा गेली. तिच्या नातेवाइकांपैकी काही जण तेव्हा आले. पण अंत्ययात्रेत पुढे होत्या त्या केईएमच्या परिचारिका. ज्यांनी तिला भरवलं, कूस बदलली, तिच्यासाठी काम बंद केलं, त्यांच्याच साथीने अरुणा केईएममधून शेवटची बाहेर पडली.